देवणीच्या कॅसेटमधलं बोलणं

मला फापटपसारा खपत नाही. वर्गात एखादा मुलगा उत्तराआधी प्रस्तावना करायला लागला की मी खडू आपटतो. बायको म्हणते, तुम्ही बारशाला गेलात तरी बाळाला मुद्द्याचं बोल म्हणाल. नांदेडला अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यात हा स्वभाव आणखी टणक झाला. आणि याच स्वभावापायी मी एका बाईचा गुन्हेगार झालो.

ती बाई म्हणजे आमच्या मास्तरांची बायको. हे मास्तर शाळेतले नव्हेत. मुखेडकडच्या एका खेड्यात राहून स्वतः गाणी रचणारे आणि पेटीवर गाणारे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. स्टुडिओत त्यांनी कधी पाय ठेवला नाही. लातूरच्या एका कॅसेटवाल्यानं बोलावलं होतं, तर म्हणाले, "भिंतीकडं बघून मला गाता येत न्हाई. समोर माणसं पाहिजेत." त्यामुळे त्यांचं जे काही मागं उरलं आहे ते जत्रेतलं, लग्नातलं, बाजाराच्या दिवशी पारावर बसून गायलेलं, आमच्यासारख्या वेड्यांनी भोंग्याखाली टेपरेकॉर्डर धरून उचललेलं.

हे वेडे आता फोनवरच्या एका ग्रुपात आहेत. मुखेडचा एक शिंपी, किल्लारीच्या रस्त्यावर जीप चालवणारा एकजण, उदगीरची एक नर्स, असे आम्ही. मास्तर एकच गाणं प्रत्येक गावात वेगळं गायचे. भूकंपानंतर किल्लारीत नवी घरं उठत होती त्या दिवसांत गायलेलं संथ आहे, तेच देवणीच्या जत्रेत उड्या मारतं. कुठलं सरस, यावर आमची भांडणं होतात. शिंपी माझ्याशी एकदा महिनाभर बोलला नव्हता.

टाळेबंदीत घरी बसून होतो तेव्हा मी माझ्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि 'स्वच्छ' करून ग्रुपावर टाकल्या. खोकला काढला, कुत्री काढली, "ट्रॅक्टर बाजूला घ्या" काढलं. मास्तरांचं दोन गाण्यांमधलं बोलणं तर मी ऐकतही बसलो नाही. पडद्यावर पेटीचा सूर जिथं सुरू होताना दिसायचा, तिथपर्यंतचं सरळ उडवायचं. सगळ्यांनी वाहवा केली. मी खूश होऊन मूळ कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

मग एका दुपारी मास्तरांच्या सुनेचा फोन आला. "सासूबाई बोलून राहिल्यात," म्हणाली.

"सर, देवणीच्या जत्रेतलं तुम्ही टाकलंय, ते समदं हाय का?"

"सगळं आहे, मावशी. फक्त मधला फापटपसारा काढलाय."

मग मावशी म्हणाल्या, "त्या पसाऱ्यात माझं नाव व्हतं म्हणत्यात."

त्यांच्या पिढीत नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. घरात 'अगं', 'ऐकलं का', आणि चारचौघांत 'आमच्या घरातून'. मास्तरांनीही आयुष्यभर तेच केलं. पण शेजारणीची बहीण देवणीला दिलेली. ती जत्रेनंतर बहिणीकडे आली आणि म्हणाली, तुझ्या मालकानं भर स्टेजवर तुझं नाव घेतलं, ते पाखराचं कडवं तुझं हाय म्हणून सांगितलं. मावशींनी मास्तरांना विचारलं. ते नुसते हसले आणि टोपी घालून बाहेर निघून गेले.

"सुनेच्या फोनवर मी रोज ऐकून राहिले," मावशी म्हणाल्या. "आता यील, मग यील. जिंदगीत एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं म्हणलं."

ते कडवं आम्हा सगळ्यांचं लाडकं. 'खा पाखरा पोटभर, एक कणीस ठेव बियाला.' ज्वारीत माळ्यावर बसून गोफण फिरवता फिरवता मावशींनी ते जुळवलं होतं. आणि मी? मी त्याच कडव्यावर मास्तरांच्या प्रतिभेचं कौतुक करणारा दीड पानी मजकूर ग्रुपावर टाकला होता. मला भयंकर लाज वाटली. मी मावशींना शब्द दिला की ते बोलणं कुठूनही शोधून आणीन. शब्द दिल्यावर आठवलं की कॅसेटी भंगारात गेल्या आहेत.

ग्रुपावर सगळा गुन्हा कबूल केला. शिंप्यानं पोटभर शिव्या दिल्या आणि लगेच स्वतःच्या ट्रंका उपसल्या. त्याची देवणीची कॅसेट टेपनं कधीच खाऊन टाकली होती. जीपवाल्याची सापडली, पण ती मधल्याच कडव्यापासून सुरू होत होती. शेवटी नर्सबाईंनी देवणीच्या एका शेतकऱ्याचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे देवणी जातीच्या गाई होत्या आणि धार काढताना ते त्याच जत्रेत भरलेली मास्तरांची कॅसेट लावायचे.

मी रविवार बघून गेलो. पासष्टीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणत. गोठ्यात टेपरेकॉर्डर होता. त्याचं झाकण तुटलेलं, कॅसेट सुतळीनं दाबून बांधलेली.

"तुम्हीच का ते कापणारे सर?" मामांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

"कॅसेट ह्या गोठ्याबाहेर जाणार न्हाई. ही लागल्याबिगर आमची गाय पान्हा सोडत न्हाई."

हे शास्त्राला धरून नाही, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. कॅसेट कोणासाठी हवी आहे ते सांगितलं, तेव्हा मामांचा चेहरा पार बदलला. "मग त्या माउलीलाच घेऊन या की. इथं बसून ऐकू द्या. पर लवकर या, फीत लई झिजलीय."

पुढच्या रविवारी मावशी, सून आणि मी मुखेडहून उदगीर आणि उदगीरहून देवणी असे एसटीनं निघालो. मावशी घडीचं लुगडं नेसल्या होत्या. वाटेत दोनदा मला विचारलं, "टेपनं खाल्ली तर?" मी दोन्ही वेळा "नाही खाणार" म्हणालो. फीत किती झिजली होती ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

धारेची वेळ होती. मामांनी टेपरेकॉर्डर गव्हाणीवर ठेवला, मावशींना बाज टाकून दिली आणि बटण दाबलं. मग ते धारेला बसले. सुनेनं फोन जवळ धरला. खरखर झाली. कोणीतरी ट्रॅक्टर बाजूला घ्यायला सांगत होतं, एक लेकरू रडत होतं, मग मास्तर खोकले. मी कापून फेकलेला तो खोकला ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता जे गाणं म्हणणार हाय," मास्तर म्हणाले, "त्यातलं एक कडवं माझं न्हाई. ते आमच्या घरातून आलंय."

जत्रेतले लोक हसले. आवाज मधेच बसला, फीत अडखळली. मामांनी उठून बोटानं कॅसेट नीट दाबली आणि ते परत धारेला बसले. आवाज परत आला आणि भोंग्याच्या अगदी जवळून एक कोवळा, चिडका आवाज ओरडला, "मास्तर, बोलणं पुरं! कॅसेट संपून राहिली, गाणं म्हणा!"

तो आवाज मी ओळखला.

मास्तर हसले. "म्हणतो की रं. येवढी घाई हाय तर सरळ नावच सांगतो." आणि त्यांनी नाव घेतलं. सावकाश, स्पष्ट.

"ओ," मावशी म्हणाल्या.

चुलीपुढून उठता उठता बाई ओ देते, तशी. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मामांचा हात कासेवर तसाच थांबला. सुनेनं तोंडाला पदर लावला. मग पेटी वाजली, आणि गाणं सबंध झालं, पाखराच्या कडव्यासकट. मावशी ओठातल्या ओठात म्हणत होत्या.

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. "मधी कोण वरडला वो त्यो येडा? जरा तरी दम धरायचा माणसानं."

गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. "मीच होतो, मावशी," मी म्हणालो. त्या दिवशी माझं सगळं लक्ष संपत आलेल्या फितीवर होतं, मास्तर काय बोलले ते कानात शिरलंच नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, चांगलं खळखळून.

"मग बरं झालं वरडलास. न्हाईतर ह्यांनी 'घरातून' म्हणूनच भागवलं असतं."

धार केव्हाच काढून झाली होती. तरी मामांनी कॅसेट मागं घेतली आणि कुठून लावू, म्हणून मावशींकडे पाहिलं.

"ह्याच्या वरडण्यापास्नं लावा," मावशी म्हणाल्या.