मासे बघा, धरू नका

सव्वीस वर्षं नागपुरात रिपोर्टिंग केलं. घोटाळ्यांच्या फायली रद्दीत गेल्या, पण एका तलावाचे किस्से काही संपत नाहीत. दरवेळी वाटतं, आता याहून येडपट काही घडणार नाही. मग साहेब लोक आणखी एक मीटिंग घेतात.

तलाव शहराच्या कडेला आहे. काठावर मासेमारी करणाऱ्या ढीवरांची पंधरा-वीस घरं. त्यातलं एक सुखदेवचं. साठी ओलांडलेला हा माणूस मासे विकायला कधी बाजारात बसला नाही. सकाळी जाळं टाकायचं, जे मिळेल ते बायकोच्या, गिरजाबाईच्या हातात द्यायचं, की दोन्ही वेळचा रस्सा व्हायचा. मग तलावाचं सौंदर्यीकरण झालं. कुंपण आलं, वॉकिंग ट्रॅक आला आणि मासेमारीला बंदी आली.

*

बंदी कशासाठी, हे विचारायला सदर भागातल्या एका सरकारी ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "जैवविविधता."

"कोणते मासे धोक्यात आहेत?"

साहेबांनी पीएकडे पाहिलं. पीए म्हणाला, "सर, मोठे."

तेवढ्यात साहेबांचा डबा आला, सीताबर्डीहून मागवलेला फिश फ्राय. मलाही आग्रह झाला. मी विचारलं, "हा कुठल्या तलावातला?"

"हा आंध्राचा आहे," साहेब काटा काढत म्हणाले. "याला काही प्रॉब्लेम नाही."

*

सरकार निर्दयी नाही. ढीवरांना पर्यायी जागा दिली. ती दाखवायला एक अधिकारी स्वतः आले, सोबत मीही होतो. जागा म्हणजे एक बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं. तळाला भेगा पडलेल्या आणि मधोमध एक म्हैस बसलेली.

"पावसाळ्यात पूर्ण भरते," अधिकारी म्हणाले.

सुखदेवनं शांतपणे विचारलं, "पावसाळ्यात तं मासे अंड्यावर असते म्हनून बंदी राहते नं, साहेब?"

अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं, ते आजतागायत कळलेलं नाही.

*

मग त्याच तलावावर हौशी लोकांचा गळ टाकण्याचा महोत्सव झाला. मासा पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडून द्यायचा. टोप्या, टी-शर्ट, मंडप, सगळं होतं. कुंपणाबाहेर उभ्या ढीवरांना एक आयोजक समजावत होता, "आम्ही खात नाही, मावशी. आम्ही सोडून देतो."

गिरजाबाईनं त्याच्या हातातल्या माशाचं फाटलेलं तोंड पाहिलं.

"भूक नव्हती तं कायले टोचलं गा त्याले?"

आयोजकानं तो मासा घाईघाईनं पाण्यात सोडला. फोटो काढायचा राहून गेला.

*

दुसऱ्यांनाच कशाला हसायचं? या महोत्सवावर मी दणदणीत बातमी लिहिली. डेस्कवरून निरोप आला, जागा नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या बातमीच्या जागी अर्धं पान जाहिरात होती. फ्लॅटची. खिडकीतून तलाव दिसतो म्हणे.

सुखदेव भेटला तेव्हा मी तोंड लपवत होतो. म्हटलं, "आज पेपर पाहिला का?"

"नाही भाऊ. शेजारी मासे द्याचो तवा गुंडाळाले लागत होता तुमचा पेपर. आता मासाच नाही, तं बंद केला."

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला.

तलावावर फोटो काढायला नवा डेक बांधलाय. एका सकाळी त्यावरून कॉलेजचा एक पोरगा पाण्यात पडला. अग्निशमनची बोट दुपारपर्यंत फिरली. हाती काही लागलं नाही. पोराची आई काठावर बसून होती. शेवटी ठाणेदार ढीवरांच्या वस्तीत आले. बुडालेल्याला काढायला ढीवर नाही म्हणत नाहीत, जेवत्या ताटावरून उठून जातात. एरवी 'ए बुढ्या' म्हणणारे ठाणेदार त्या दिवशी म्हणाले, "सुखदेवभाऊ, जाळं घेऊन चला."

"जाळं तुमच्याचपाशी हाय. मंगळवारी उचलून नेलं नं तुमी."

जीप ठाण्यात गेली. जप्तीचा माल ठेवायचा मालखाना उघडला. जाळं आलं, गुन्ह्याचा नंबर लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीसकट.

पोरगा कुठून पडला, वारा कुठून होता, एवढंच सुखदेवनं विचारलं. मग बाभळीच्या कोपऱ्याकडे जाळं लावलं. तिसऱ्या खेपेला पोरगा वर आला. आईकडे कुणाला बघवत नव्हतं.

जाळ्यात दोन रोहू तडफडत होते. ठाणेदारांसोबत आलेला जमादार मान खाली घालून पुटपुटला, "ठेवून घे गा."

"मले मानूस काढाले बलावलं होतं," सुखदेव म्हणाला. दोन्ही मासे त्यानं पाण्यात सोडले.

अँब्युलन्स गेली. सुखदेवनं जाळ्याची घडी केली आणि जमादारापुढे धरली. जमादार एक पाऊल मागे सरला.

"ओलं जाळं मालखान्यात घेत नाही. वाळवून आणून दे."

सुखदेवनं जाळं कुंपणावर पसरलं आणि वाळेपर्यंत तिथंच बसून राहिला.