ताक चालते, दूध चालत नाही

आमच्या नातलगांत सध्या एक हकीकत फिरते आहे. मी, म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, शनिवार पेठेत थोरल्या चुलतभावाच्या घरी गेलो आणि पेलाभर दुधावरून चारचौघांत त्यांचा अपमान करून आलो, अशी ती हकीकत. सांगणारे स्वतः चुलतभाऊच असल्यामुळे ती विश्वसनीय मानली जाते. तिच्यात दोन चुका आहेत. एक तर ते दूध नव्हते, ताक होते. आणि अपमान मी केला नाही. तो त्या घरात माझ्या लहानपणापासून पडून होता. मी फक्त ज्याचा त्याला पोहोचवला.

माझे आयुष्य छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेले. दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात लाल शाईने खुणा करायच्या, हा माझा व्यवसाय होता आणि माझ्या विरोधकांच्या मते तोच माझा स्वभावही आहे. म्हणून आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा तिचे संपादक असलेल्या चुलतभावाने मुद्रिते माझ्याकडे धाडली. त्यांना मी दादा म्हणतो. "तू रिकामाच असतोस," असे ते फोनवर म्हणाले. घराण्यातील पुरुष कोणाच्या पोटी जन्मले, काय शिकले, कोठे अधिकारी झाले, याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद त्या ग्रंथात आहे. स्त्रियांना त्यात नवऱ्याच्या परिच्छेदाच्या शेपटीला जागा मिळते.

माझ्या वडिलांच्या परिच्छेदाच्या शेपटीला दादांनी लिहिले होते : 'यांच्या पत्नी हट्टी व खाण्यापिण्यात लहरी होत्या. पोटाचे निमित्त त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.'

एवढ्या जाडजूड ग्रंथात माझ्या आईच्या वाट्याला ही दोन वाक्ये. त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ती अधिक संतापाची गोष्ट.

शनिवार पेठेतल्या त्याच घरात तेव्हा आम्ही सगळे एकत्र राहत असू आणि तिथे आजोबांचा नियम होता. सकाळी प्रत्येकाने त्यांच्यासमोर उभे राहून पेलाभर ऊन दूध प्यायचे. या घराण्याची हाडे दुधावर पोसली आहेत, असे ते म्हणत आणि स्वतःच्या मनगटावर बोट आपटून दाखवत. सुनाही त्या नियमातून सुटत नसत. आई पदर सावरून दूध पिई, पेला विसळून पालथा घाली आणि पोळ्या लाटायला बसेपर्यंत तिचा चेहरा उतरलेला असे. लाटता लाटता ती मधेच उठे, मोरीशी जाऊन पोट दाबून उभी राही. पुढे पुढे तर दूध तापत ठेवल्याचा वास आला तरी तिचे हात गार पडत. मी ते हात धरलेले आहेत. दादांनी धरलेले नाहीत.

तीच आई दुपारी भातावर वाटीभर ताक घेई आणि तिला काही होत नसे. इथेच ती सापडली. ताक चालते, मग दूध का चालत नाही, ताक काय झाडाला लागते, असा बिनतोड सवाल घरात रोज होई. त्याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. वैद्यांजवळही नव्हते. माझे वडील पानातले निवडत बसत. ज्याला उत्तर नाही ते दुखणे खोटे, असा न्याय झाला आणि त्या दुखण्याला 'निमित्त' हे नाव मिळाले. माझ्याहून चार यत्ता पुढे असलेले दादा त्या काळी खांद्यावर टॉवेलचा पदर घेऊन, पोट दाबत मोरीकडे जाण्याची नक्कल करीत. घर हसे. मी हसत नसे, म्हणून ते पुन्हा करून दाखवीत.

माझेही पोट तसेच होते. शाळेच्या पहिल्या तासाला मी बाकावर मुडपून बसे. त्याचा निकाल एका शब्दात लागला : आजोळ. आमच्याकडे वारशाचे शास्त्र फार सोपे होते. गुण दिसला की तो घराण्याचा, खोड दिसली की ती आजोळची. माझे अक्षर आजोबांकडून आले आणि माझे पोट आईच्या माहेराहून आले, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

माझी मुलगी आहारतज्ज्ञ आहे. आमच्याच सदाशिव पेठेत तिचा दवाखाना आहे. मुद्रितावरची ती दोन वाक्ये मी तिला दाखवली. दुसऱ्या दिवशी ती एक छोटी नळी घेऊन आली आणि मला तिच्यात थुंकायला सांगितले. इतके आज्ञाधारकपणे मी आयुष्यात थुंकलो नव्हतो.

अहवाल आल्यावर तिने मला तो समजावून सांगितला. दुधातली साखर पचवायला आतड्यात एक पाचकरस लागतो. बाळपणी तो सगळ्यांना असतो. नंतर जगातल्या बहुसंख्य माणसांचा आटत जातो. काहींच्या जनुकात असा बदल असतो की तो रस मोठेपणीही टिकतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यांतल्या एका प्रतीत जरी तो बदल असला तरी सहसा दूध पचते. "तुमच्या दोन्ही प्रतींत तो नाही, बाबा," ती म्हणाली. "आणि विरजणातले जिवाणू ती साखर थोडी आधीच खाऊन टाकतात. म्हणून ताक सोसतं."

जो सवाल माझ्या आईला जन्मभर पुरला, त्याचे उत्तर एवढेच होते.

मग मुद्रितशोधकाची सवय जागी झाली आणि एका शब्दावर नजर अडकली. दोन्ही? म्हणजे माझ्या वडिलांनी दिलेली प्रतही तसलीच? ते तर आजोबांसमोर रोज दूध पीत आणि त्यांना काही होत नसे.

तिने मान डोलावली. त्यांची एक प्रत पचवणारी असेल, तिच्यावर त्यांचे भागले. मला आली ती दुसरी.

लगेच तिने मला आवरायलाही घेतले. आजीची तपासणी कोणी केलेली नाही, लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, इतकेच. शिवाय जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे. घोट-दोन घोट अनेकांना सोसतात. आणि रोज सकाळच्या धास्तीने आतडे आणखी बिघडते, तेव्हा आजीच्या कळांतल्या किती दुधाच्या आणि किती भीतीच्या, हे कोणताही अहवाल सांगणार नाही. मी म्हणालो, दूध त्यांनीच पाजले आणि भीतीही त्यांनीच घातली, तेव्हा वाटणीची गरज नाही. त्यावर ती म्हणाली, "बाबा, ह्या कागदाची काठी करू नका."

मी म्हटले, या वयात काठी लागतेच.

कुलवृत्तान्त मंडळाची बैठक दुपारी दादांच्या घरी होती. चार-पाच वयस्कर सभासद, मध्ये मुद्रितांचा गठ्ठा. वहिनींनी मसाला दूध आणले. माझ्यासमोरही पेला ठेवला. त्या घरात मला कोणी विचारण्याची पद्धत नाही. दादांसमोर मात्र कोरा चहा आला. मी सहज चौकशी केली. वहिनी भाबडेपणाने म्हणाल्या की दूध घेतले की यांच्या पोटात गुडगुडते, आताशा फार पित्त होते.

मी ते मनात छापून घेतले. पुरुषाच्या पोटात होते ते पित्त. सुनेच्या पोटात होते ते निमित्त.

मी अहवाल काढला आणि मुलीने समजावले होते तसे, शब्दही न चुकवता, मंडळाला समजावले. दादांनी डोळे मिटून ऐकले.

"आजोळचं पोट आहे, हे तर आम्ही पहिल्यापासून सांगतोय," ते म्हणाले. "त्याला थुंकी कशाला तपासायला हवी?"

"निम्मं आजोळचं, दादा. निम्मं या घरातलं. माझ्या वडिलांकडून."

"मग ते आजीकडून आलं असेल. तीही बाहेरूनच आलेली."

"दर पिढीत तुम्हाला एक बाहेरची बाई बरी सापडते."

एक सभासद पेल्यात हसले. दादांनी चष्मा काढून पुसला आणि संपादकाचा उदार आवाज लावला. "अरे, जुन्या गोष्टी उगाळतोस कशाला? वगळून टाकू ती दोन वाक्यं. झालं समाधान?"

"वगळू नका," मी म्हणालो. "बदला."

वगळण्यातली मेख मला माहीत होती. वगळलेल्या ओळीची कागदावर खूण राहत नाही आणि तोंडी हकीकत तशीच चालू राहते. मी समासात लाल शाईने नवा मजकूर लिहून आणला होता. तो वाचून दाखवला : 'यांच्या पत्नीस दूध सोसत नसे, ते त्यांना सक्तीने पाजले जाई. ही प्रकृती त्यांच्या मुलात उतरली, ती निम्मी त्यांच्या माहेरची व निम्मी या घराण्याची.'

दादांनी 'सक्तीने' या शब्दावर हरकत घेतली. आजोबांच्या नावाला बट्टा लागतो, असे त्यांचे म्हणणे पडले. मी त्यांना विचारले की त्यांच्या आठवणीत माझ्या आईला एखादा दिवस तरी तो पेला नाकारता आला होता काय. ते मुद्रितांचा गठ्ठा सरळ करू लागले. पेल्यात हसलेल्या सभासदांनी मजकूर जसाच्या तसा घ्यावा असे सुचवले, बाकीच्यांनी माना हलवल्या. संपादक म्हणून दादांना त्याखाली सही करावी लागली. माझ्याच लाल पेनाने केली.

प्रकरण इथेच मिटले असते, तर मीही थांबलो असतो. पण तेवढ्यात वहिनी मी हातही न लावलेला पेला उचलायला आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला ताक आणू का?"

"आणा," मी म्हणालो. "दादांनाही आणा."

त्यांनी दोन भांडी आणली. दादांनी आपले भांडे उचलले, घोट घेतला, आणखी एक घेतला. बरे वाटले असावे. सगळे संपवून त्यांनी पंच्याने ओठ टिपले. सभासद निघण्याच्या तयारीत होते. मी त्यांना हाताने थांबवले, आणि आमच्या घरात तो सवाल ज्या सुरात विचारला जाई त्याच सुरात, शब्द न बदलता, दादांना विचारला.

"ताक चालते, मग दूध का चालत नाही?"