होळीचा बांबू आणि आमचं फाटक

संस्थेचे पदाधिकारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शाल, नारळ आणि स्टेजवरच्या खुर्च्या येतात. शहाद्याच्या बाजारात मला अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, "त्या जंगलात जाऊन तुम्हाला मिळतं काय?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता सांगत नाही. "ऊन मिळतं," म्हणतो आणि स्कूटरला किक मारतो.

आमची संस्था लहान आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी वनउद्यानं आहेत, त्यांना हातभार लावायचा एवढंच तिचं काम. जागा सरकारची, पाटी सरकारची. रोपं, पाणी आणि राखण आमच्याकडे. चालवणारे आम्ही चौघं. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. उपाध्यक्ष उद्यानाच्या वर वसलेल्या पावरा आदिवासींच्या गावाचे कारभारी. खजिनदार गुरांचे डॉक्टर. आणि चिटणीस मी, एसटीतून निवृत्त झालेला. डेपोत मला कुणाचा उशीर खपायचा नाही, आताही खपत नाही, त्यामुळे मीटिंगा वेळेवर सुरू होतात आणि माझ्याशी कुणी फार गोड बोलत नाही.

बाईंनी बांबूचं मनावर घेतलं होतं. होळीला वरच्या गावात उंच, सरळसोट बांबू उभा करतात. काठी गावाच्या होळीचं नाव दूरवर गेलं आहे, पण तशी होळी त्या डोंगरातल्या बऱ्याच गावांत होते. कारभाऱ्यांच्या लहानपणी तो बांबू हाकेच्या अंतरावर मिळायचा. आता तरुण मंडळी त्यासाठी डोंगर ओलांडून जातात. बाईंनी एकदा गावात सगळ्यांसमोर उभं राहून शब्द दिला, की तुमच्या नातवंडांना होळीचा बांबू ह्याच उद्यानातून मिळेल. मग आम्ही बांबू लावला. पहिल्याच उन्हाळ्यात गुरांनी तो बुडख्यापर्यंत खाल्ला. बाई कितीतरी दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात आम्ही तो परत लावला, आणि ह्या खेपेला गावाच्या बाजूनं, जिथून गुरं उतरतात तिथे, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच जाळी ठोकली. एका अंगाला कडा आहे, दुसऱ्या अंगाला घळ. खालून यायचं तर दगडांतून चढावं लागतं, तिकडून गुरं येत नाहीत.

अडचण एकच होती. गावाची जुनी पायवाट उद्यानातूनच जाते, ती बंद करून चालणार नव्हतं. साधं फाटक लावलं तर ते उघडंच राहणार, हे मी अनुभवानं सांगितलं. तेव्हा आम्ही जाळीला नागमोडी तोंड ठेवलं. माणूस अंग चोरून वळतो आणि पलीकडे जातो, गुराला तेवढ्यात वळता येत नाही. डॉक्टर हुशार. त्यांनी एक गाय आणून फाटकाची परीक्षाच घेतली. गाय मध्ये अडकली, बिचारीनं आमच्याकडे बघितलं आणि मागच्या मागे निघून गेली. मग म्हैस आणली, बैल आणला. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या बायाही जाऊन आल्या. सगळं जमलं. कारभाऱ्यांनी स्वतः दोनदा आत-बाहेर करून पसंती दिली. आम्ही चौघांनी एकमेकांची पाठ थोपटली आणि चहा घेतला.

बांबू घेऊन मात्र कुणी जाऊन बघितलं नाही.

होळीच्या दिवशी आम्ही दुपारीच वर पोचलो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली घरं परतली होती, गाव भरलं होतं. बाईंना ही होळी बघायची फार वर्षांची हौस. नोकरीत असताना सुट्टी लागली की प्रकाशा या आपल्या गावी जावं लागायचं, आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायच्या. त्या दिवशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. कारभारी होळीच्या खड्ड्यापाशी होते. तेवढ्यात खालून ढोल ऐकू आला. तो जवळ जवळ आला आणि फाटकापाशी एकदम थांबला.

आम्ही खाली धावलो. बांबू आला होता. शेंड्याची पानं तशीच हिरवी, आणि तो एवढा लांब की पुढचा माणूस फाटकाशी आणि मागचे पार आमच्या रोपांपलीकडे. खांद्याला खांदा लावून सगळे उभे. नागमोडी तोंडातून तो बांबू जाणं शक्यच नव्हतं.

कारभाऱ्यांनी फाटक बघितलं, बांबू बघितला आणि कपाळाला हात लावला. "ह्या फाटकाच्या ठरावावर माझी बी सही आहे," म्हणाले.

"घटकाभर खाली टेकवा, काहीतरी युक्ती काढू," डॉक्टर बोलून गेले. सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. तोडल्यापासून खड्ड्यात उभा राहीपर्यंत तो बांबू जमिनीला लागू देत नाहीत.

"खांदे मोडले तरी चालतील," कारभारी म्हणाले. "बांबू खाली नाही टेकत."

जाळीवरून द्यायचा तर हात पुरेनात, आणि शेंडा मोडला असता. मी स्पष्टच बोललो, "जाळी कापली तर चार-पाच दिवस शिवायला कुणी मिळणार नाही, आणि नुसती बांधली तर बैल ढुशीनं उघडतील. सगळे होळीत. गुरं मोकाट. संध्याकाळपर्यंत आतलं सगळं साफ होईल."

बाई कारभाऱ्यांकडे वळल्या. "भाऊ, ही जाळी तुमच्याच बांबूसाठी लावली आहे."

"माहीत आहे, बाई. पण आज हा बांबू आला आहे."

मधल्या एका माणसाचे पाय थरथरायला लागले होते, शेजाऱ्यानं त्याच्या बाजूचं वजन आपल्याकडे ओढून घेतलं. बाईंनी ते बघितलं असावं.

"तुमनी डिक्कीमा पक्कड शे ना?" त्यांनी मला घरच्या अहिराणीत विचारलं.

"शे, पण बाई..."

"पण मंग सांगा. पहिले पक्कड आना."

मी पक्कड आणली. स्वतःच्या हातानं जाळी कापताना मला काय वाटत होतं ते सांगून उपयोग नाही. मी गावावर चिडलो होतो, बाईंवर चिडलो होतो, आणि रागाच्या भरात माझं काम नेहमीच झटपट होतं. पायवाटेच्या रेषेत जाळी उघडली, दोन्हीकडे गुंडाळून बांधली. ढोल परत सुरू झाला. बांबू सरळ निघून गेला. त्याचा शेंडा माझ्या डोक्यावरून सळसळत गेला तेव्हा राग थोडा उतरला, हेही खरं.

सगळे वर गेले. बाई गेल्या नाहीत. पदर खोचला, कुणाची तरी काठी घेतली आणि खिंडारात दगडावर बसल्या.

"बाई, तुम्ही जा. होळी बघायला आलात ना? मी बसतो."

"तुम्हीन एकला कितलं ध्यान ठेवशात? बठा. शब्द मी देयेल शे."

डॉक्टरही बसले. वरून ढोल, मांदल, घुंगरं ऐकू येत होती आणि आम्ही तिघं पाठ करून बसलो होतो. ऊन कलल्यावर गुरं आली. त्यांना वाट ठाऊक होती आणि फाटक उघडलेलं लगेच कळलं. बाई गुडघ्यांवर हात दाबून उठल्या आणि काठी आडवी धरून मधोमध उभ्या राहिल्या. आयुष्यभर गुरांच्या पाठीवरून हात फिरवलेले डॉक्टर त्यांना ढोसून ढोसून हाकलत होते. एका बैलानं मला जाळीवर रेटलं, सदरा फाटला. पण एकही जनावर आत गेलं नाही. दम खात मी म्हणालो, "असं आणखी किती दिवस?" बाई म्हणाल्या, "लागतीन तितला."

सूर्य डोंगराआड जाताना वरून घुंगरांचा आवाज खाली आला. कारभारी होते, बरोबर आणखी काही जण. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, अंगभर पांढरे ठिपके. ऐन नाचातून उठून आले होते. मला वाटलं, जेवायला बोलवायला आले. कारभारी खिंडारात येऊन खाली बसले आणि टोप नीट केला.

"उठा. जाळी शिवेपर्यंत आता आम्ही बसतो. पाळी लावली आहे."

"अहो, आज तुमची होळी," मी म्हणालो. "हे काम आमचं आहे."

"तुमचं कसं? आतला बांबू आमचा आहे. तुम्ही पाहुणे. पाहुणे राखण करत नाहीत. जा, होळी बघा."

मला ते झोंबलं. टँकरच्या मागे धावलो आम्ही, उन्हात करपलो आम्ही, आणि एका वाक्यात पाहुणे झालो. बाई आता चांगलं सुनावतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

"ऐकं का?" त्या मला म्हणाल्या. "आपलाले पाव्हना म्हनी ऱ्हायनात त्या."

त्यांनी काठी कारभाऱ्यांच्या हातात दिली, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ढोलाच्या दिशेनं चढ चढायला लागल्या. रोपांकडे त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.