शेपूट गोल की चौकोनी

गल्लीत सगळे त्यांना कॅप्टन म्हणत, आणि कॅप्टन जन्मात कधी विमानात बसले नव्हते. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. पुढे दुकान, मागे घर. तरुणपणी हवाई दलात भरती व्हायला गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर ह्यांना भिंतच धड दिसेना. तेव्हापासून जाड भिंगांचा चष्मा आणि विमानांचं वेड ही दोन्ही त्यांच्या नाकावर कायमची बसली, असं त्यांची बायको म्हणायची.

आभाळात घरघर झाली की हातातलं काम तसंच टाकून कॅप्टन कान टवकारायचे. समोर गिऱ्हाईक चाचणीची जड फ्रेम नाकावर घेऊन ताटकळलेलं.

"दोन इंजिनं," डोळे मिटून ते सांगायचे. "डावं जरा दमलंय."

"अहो, त्या बाईंना आधी दिसू दे," बायको आतून ओरडायची, "मग विमानाची तब्येत बघा!"

संध्याकाळी शेजारचे निवृत्त मास्तर यायचे. निमित्त एकच, चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. तो स्क्रू कधीच ढिला नसायचा. कॅप्टन तरी तो मन लावून आवळायचे आणि मग दोघांच्या गप्पा सुरू व्हायच्या. विमानापासून सुरुवात आणि सरकारवर शेवट, हे ठरलेलं.

"जुनं विमान माणसाशी खोटं बोलत नाही, मास्तर. तेल गळलं तर डोळ्यांदेखत गळतं. बिघडलं तर खोकतं, थरथरतं, उतरव मला म्हणून सांगतं. नवी विमानं शेवटपर्यंत हसतमुख. आणि मग एकदम खाली."

"मग मागचं सरकार कुठलं विमान होतं म्हणायचं?" मास्तर मुद्दाम काडी टाकायचे.

"मालवाहू. जाडजूड, संथ, वेळेवर कधी नाही, निम्मा माल वाटेत गहाळ. पण कुणी 'अहो, समोर डोंगर आहे' असं ओरडलं, तर चालवणारा एकदा बघायचा तरी."

"आणि आत्ताचं?"

"आत्ताच्याला रंग फार सुंदर दिलाय. फक्त झाकण उघडून आत बघू देत नाहीत."

दोघं पोट धरून हसायचे. बायको पडद्याआडून म्हणायची, "हळू बोला. दुकानाचं दार उघडं आहे." तिचा देवावर फार विश्वास. रोज सकाळी आंघोळ झाली की हात जोडून उभी राहायची आणि सगळ्यांचं भलं मागायची. मुलगी दुसऱ्या गावी सरकारी कचेरीत नोकरीला होती, तिच्यासाठी दोन शब्द जास्त. ह्यांच्यासाठी वेगळं काही मागावं असं तिला तोवर वाटलं नव्हतं.

गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीशेजारी विमानांचं संग्रहालय होतं. तिथे एक जुनं बाँबफेकी विमान उभं होतं. कॅप्टनचा त्याच्यावर भारी जीव. त्या जातीच्या विमानांचे दोन प्रकार, आणि कॅप्टनने त्यांना घरातल्यासारखी नावं दिलेली. आधी आलेली ती थोरली, तिची शेपूट गोल. मागून आलेली ती धाकटी, तिची शेपूट चौकोनी. संग्रहालयातली होती धाकटी. हे बायकोलाही पाठ झालं होतं. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून कुणाला होणार नाही?

सुट्टीच्या दिवशी दोघं डबा बांधून तिथे गेली, तर धाकटीला नवा कोरा रंग दिलेला आणि पुढ्यात मोठा फलक. माहिती सांगणारी मुलगी गर्दीला सांगत होती की युद्धात शत्रूचा पूल उडवला तो ह्याच विमानाने, आणि ते चालवत होते देशाच्या मोठ्या साहेबांचे वडील. विजयदिनी हेच विमान पुन्हा आकाशात झेपावणार आहे, खुद्द साहेब सलामी घेणार आहेत.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलायला लागले होते. तिने बाही ओढली.

"जाऊ द्या ना. चला, जेवून घेऊ."

"एकच मिनिट गं." आणि मग खणखणीत आवाजात, "बाई, थोडी चूक होतेय. ही धाकटी आहे. शेपूट बघा, चौकोनी. ही कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा युद्ध संपून गेलं होतं. युद्धात होती ती थोरली."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. "म्हणजे वडिलांनी जन्माला न आलेलं विमान उडवलं म्हणायचं!"

मग बरेच जण हसले. काहींनी मोबाइल वर धरलेले. कॅप्टन खूश. जन्मभर सरकारवर तोंडसुख घेतलं होतं त्यांनी, पण त्या क्षणी सरकार त्यांच्या डोक्यातही नव्हतं. डोक्यात होती फक्त शेपूट. त्या मुलीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता, आणि दाराशी उभा असलेला रखवालदार फोनवर हळू आवाजात बोलत होता. हे बायकोने पाहिलं. डबा न उघडताच ती दोघं घरी आली.

त्या आठवड्यात मास्तरांचा स्क्रू ढिला झाला नाही. पुढच्याही आठवड्यात नाही. ते समोरच्या बाजूने जायला लागले, मान खाली घालून. एकदा तिनेच हाक मारली, "मास्तर, चष्मा बरा आहे ना?"

"अगदी घट्ट आहे, वहिनी," ते चालता चालता म्हणाले आणि वळले.

मग मुलीचा फोन. "आई, कचेरीतल्या साहेबांनी बोलावून विचारलं, तुझ्या वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे ना? एवढंच. पुढे काही नाही. बाबांनी काय केलंय?"

"काही नाही गं. शेपटीबद्दल बोलले."

"कुणाच्या शेपटीबद्दल?"

मुलीची नोकरी अजून कायम व्हायची होती.

त्यानंतर तो गृहस्थ आला. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, बोलायला अगदी गोड. म्हणाला, "वाचताना जरा त्रास होतो." कॅप्टनने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर फ्रेम चढवली आणि एकेक भिंग घालून नेहमीचा प्रश्न विचारला, "आता बरं दिसतं की मघाशी?"

"दोन्ही सारखंच."

"आणि आता?"

"सारखंच."

भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ, जी वाचताना तरुण पोरंही अडखळतात, ती त्याने घडाघडा वाचली. कॅप्टनने फ्रेम उतरवली.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत, साहेब. चष्मा कशाला हवा?"

"असू द्या. साध्या काचेचा करा," तो हसला. "तुम्हाला विमानांचं बरंच कळतं म्हणे?"

आत भाजी चिरणाऱ्या बायकोच्या हातातली सुरी थांबली. नंबर नसलेला चष्मा करायला माणूस कशाला येतो, हे कळायला काही चष्म्याचं दुकान चालवावं लागत नाही.

"जुना छंद आहे," कॅप्टन म्हणाले.

"छान. छंद असावा. मी येईन पुन्हा."

तो गेल्यावर तिने दुकानाचं दार लावलं, भर दुपारी. नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, माझी शपथ आहे तुम्हाला. विजयदिन होऊन जाईपर्यंत राजकारणाचा एक शब्द काढायचा नाही."

"मी राजकारण बोललोच नाही. मी शेपूट म्हणालो."

"तेच नाही म्हणायचं!"

"अगं, पण ती चौकोनी आहे."

"असू दे चौकोनी! तुमच्या पोरीची नोकरी त्या शेपटीला बांधलेली आहे. उद्या तुम्हाला घेऊन गेले तर मी कुणाच्या दारात जाऊ? मास्तरांच्या? ते तर आपला रस्ता टाळतात."

कॅप्टन चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान मुलासारखे दिसायचे, उघडेवाघडे. त्यांनाही भीती वाटते आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

दुसऱ्या दिवसापासून तिची प्रार्थना बदलली. सगळ्यांचं भलं नंतर. आधी, "देवा, ह्यांचं तोंड बंद ठेव." भांडी घासताना तेच, कणीक मळताना तेच. रस्त्यावर गाडी थांबली की ती खिडकीच्या कडेने बघायची. दारावर थाप पडली की आधी ह्यांना न्हाणीघरात जायला सांगायची आणि मग दार उघडायची. एकदा दूधवाला होता. न्हाणीघरातून कॅप्टन म्हणाले, "गेला का गं?" आणि दोघांनाही हसू आलं, पण ते हसू घशातच राहिलं.

तो ठणठणीत डोळ्यांचा गृहस्थ चष्मा न्यायला आला तेव्हा ती दुकानातच होती. आता ती नवऱ्याला एकटं सोडतच नव्हती. भिंगांचा ट्रे मांडीवर घेऊन पुसत बसली होती. गृहस्थाने खिशातून छापील कागद काढला आणि काउंटरवर पसरला. विजयदिनाचं पत्रक होतं. रंगीत चित्र, धाकटी ढगांतून येतेय, शेपूट कॅमेऱ्याकडे.

"बघा बरं," तो मायेने म्हणाला. "तुम्ही जाणकार. हेच ना ते पूल उडवणारं विमान?"

कॅप्टन चित्रावर वाकले. विमानाचा पंखा चुकीचा सांगितला म्हणून हा माणूस सख्ख्या भावाशी भांडला होता. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हा हिने एका विमानाला हेलिकॉप्टर म्हटलं, तर रात्रीच्या जेवणापर्यंत समजावत बसला होता. त्यांचे ओठ हलले.

तिने ट्रे सोडून दिला.

भिंगं फरशीवर चहूकडे घरंगळली. "अगं बाई! सगळी सांडली!" तिघंही खाली वाकले. गृहस्थ गुडघ्यांवर बसून शांतपणे एकेक भिंग वेचत होता. तिच्या हातात मूठभर भिंगं देत तो तिच्याकडे बघून हसला, आणि तिला कळलं की ट्रे कसा पडला ते त्याला समजलंय. मग तिथेच, फरशीवर बसल्या बसल्या, त्याने पुन्हा विचारलं.

"मग, कॅप्टन? शेपूट कशी आहे?"

कॅप्टनने आपला जाड चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

"माझा नंबर फार मोठा आहे, साहेब. मला शेपूट दिसत नाही."

"बरं झालं," गृहस्थ उठत म्हणाला. "दिसली असती तर त्रास झाला असता." बिनानंबराचा चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने आरशात पाहिलं. "छान दिसतंय."

तो गेल्यावर कॅप्टन कितीतरी वेळ फरशीवरच बसून होते. तिने खिशातून चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर लावला, तेव्हा कुठे उठले.

विजयदिनी सकाळपासून गल्ली रस्त्यावर आणि गच्च्यांवर होती. मास्तरही होते, लांबवर, छोटा झेंडा घेऊन. घराबाहेर दिसलं नाही तर तेही वाईट दिसेल, म्हणून ती दोघं दुकानाच्या दारात उभी राहिली. आणि मग दुरून तो आवाज आला. खोल, जड, जरासा खोकणारा. तिने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटीची इंजिनं ऐकायला मिळावीत म्हणून ह्या माणसाने जन्म काढला होता. जुन्या ध्वनिफितीतले तिचे आवाज टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकले होते. आता ती खरीखुरी येत होती, आणि हे मान खाली घालून पायरीकडे बघत होते.

"अहो, बघा की," ती कुजबुजली. "वर बघा. बघायला काय हरकत आहे?"

विमान छपरांवरून इतकं खाली आलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळी गल्ली माना वर करून ओरडत होती. कॅप्टननेही मान वर केली. चौकोनी शेपूट उन्हात लख्ख दिसत होती. त्यांच्या ओठांवर 'धाकटी' हा शब्द आला, आवाज न करता, आणि तिने तो वाचला.

तेवढ्यात तिचं लक्ष समोरच्या फुटपाथवर गेलं. गर्दीत एकच माणूस वर बघत नव्हता. साध्या काचेच्या चष्म्यातून तो सरळ दुकानाच्या दाराकडे बघत होता.

सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काय सुंदर! थोरली ना हो ही?"

ते वळले. तिच्याकडे असे पाहू लागले, जणू ओळख पटत नाहीये. आता बोलतील, तिला वाटलं. आता बोलले तर संपलं.

"हो," कॅप्टन म्हणाले. "थोरली."

समोरच्या माणसाने हलकेच मान डोलावली आणि तो गर्दीत शिरला. घरघर विरत गेली. लोक खाली उतरले. कॅप्टन आत गेले, खुर्चीत बसले आणि कुणाच्या तरी चष्म्याच्या काड्या सरळ करू लागले.

आठवड्याभराने मुलीचा फोन आला. नोकरी कायम झाली होती. मास्तरांचा स्क्रूही ढिला झाला. ते आले, बसले. कॅप्टनने स्क्रू आवळला आणि चष्मा परत दिला. छपरावरून एक विमान गेलं. मास्तरांनी वर बघितलं, मग कॅप्टनकडे, मग दाराकडे, आणि "येतो" म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, हात जोडून देवासमोर उभी राहिली. दुकानातून काहीच आवाज येत नव्हता. बराच वेळ ती तशीच उभी होती, पण काय मागायचं ते तिला आठवेना.