शिवकांताला चालणारं रक्त

आमच्या लातूरच्या नाटकमंडळीत मी राजा व्हायचो, सेनापती व्हायचो, कधी राक्षसही. पण ऐन प्रवेशाआधी राजाचा अंगरखा उसवला की दातांत सुई धरून धावत येणारी एकच होती, शिवकांता. "अण्णा, पोट आत घ्या, न्हाई तर पैल्या वाक्यालाच टाके सुटतील." टाळ्या आयुष्यात पुष्कळ मिळाल्या, पण विंगेतलं तिचं दबकं हसू ऐकलं की वाटायचं, आज प्रयोग रंगणार.

मंडळी बंद पडली. नवरा लवकर गेला. शिवकांतानं ब्लाऊज शिवून लेकीला, दामिनीला, वाढवलं. दामिनी लग्नाची झाली तेव्हा उदगीरहून शिवकांताचा धाकटा भाऊ रेवणसिद्ध आला आणि त्यानं आपल्या मुलासाठी तिला मागितलं. त्यांच्यात बऱ्याच घरांत भाचीवर मामाचा पहिला हक्क असतो. मामाला नाही म्हणणं म्हणजे त्याचा मान मोडणं. शिवकांता नाही म्हणाली.

कारण तिनं फक्त मला सांगितलं. "माझी आई सख्ख्या मामाला दिलेली, अण्णा. नवऱ्याशी भांडली तर रुसून जायला तिला माहेरच नव्हतं. सासू म्हंजे तिची आजीच. कुणाला सांगंल ती?"

दामिनीचं लग्न नांदेडच्या मुलाशी झालं. रेवणसिद्ध फिरकला नाही. मांडवात नवरीमागं मामा उभा राहावा लागतो. तिथं मी उभा राहिलो, पाठ ताठ करून, उपरणं सावरून. इतक्या भूमिका केल्या, मामाची ही पहिलीच.

गेल्या वर्षी शिवकांता दवाखान्यात पडली. गर्भाशयात गाठी होत्या. कितीतरी महिने अंगावरून जात होतं आणि ती ते लपवून मशीन चालवत राहिली होती. अंगातलं रक्त इतकं कमी झालं होतं, की आधी रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशन करता येईना. तिचा गट सगळीकडे 'ओ' लिहिलेला. दामिनीच्या नवऱ्यानं ओ गटाचे मित्र आणून उभे केले. पण कुणाचंच रक्त जुळेना. तिच्या रक्तात मिसळलं की त्याच्या गुठळ्या व्हायच्या.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला आणि दामिनीला समोर बसवून समजावलं. रक्ताच्या प्रत्येक पेशीवर साखरेच्या कड्यांच्या साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे. निरनिराळ्या साखरा एकीत एक गुंफलेल्या. ए गटाच्या साखळीची टोकाची कडी वेगळी, बी गटाची वेगळी. ओ गटाला ती टोकाची कडी नसते, पण ती जिच्यावर बसते ती आधीची कडी असतेच. शिवकांताच्या साखळीत तीही नव्हती. साध्या तपासणीत असं रक्त ओ दिसतं. पण ज्या कडीची तिच्या शरीराला ओळखच नाही, ती कडी असलेलं कुठलंही रक्त शत्रू ठरतं. हजारो माणसांत एखाद्याचं असं असतं.

"आईवडील नात्यातले होते का यांचे?" बाईंनी विचारलं.

"आजोबा आजीचे मामा होते," दामिनी म्हणाली.

"मग सख्खा भाऊ असेल तर त्याला आणा. त्याचं जुळायची चांगली शक्यता आहे. मुंबईहून पिशवी मागवलीय, पण ती परवाच्या आत येत नाही."

शिवकांताला न विचारताच मी उदगीरला गेलो. रेवणसिद्ध किराणा दुकानात साबुदाणा तोलत होता. माझं सगळं ऐकून घेतलं, पण काट्यावरची नजर काही हलवली नाही.

"या मामा," तो म्हणाला. "लग्नात मामा तुम्हीच झालात न्हवं? मग द्या की रक्त."

"माझं चाललं असतं तर तुझी पायरी चढलो नसतो."

त्याचा हात थांबला. "अक्कानं धाडलं तुम्हाला?"

"नाही."

"मंग अक्काला फोन करू द्या. 'ये' म्हणू द्या, एवढंच. दुकान असंच उघडं टाकून निघतो. पर बोलावल्याबिगर न्हाई येणार. एकदा त्या दारातून तोंड पाडून आलोय मी."

परत येऊन शिवकांताला सांगितलं. तिचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते, पण हट्ट जागच्या जागी. "बोलावलं की तो मामा होऊन येणार, अण्णा. उद्या दामिनीच्या पोरीला नातवासाठी मागंल. मंग कुण्या तोंडानं न्हाई म्हणू?"

"आई, माझी पोर पाळण्यात हाय," दामिनी रडत ओरडली. "तिच्या लग्नाचं आत्ता काय घिऊन बसलीस?"

शिवकांतानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तो दिवस तसाच गेला.

सकाळी तीच म्हणाली, "लाव फोन." दामिनीनं फोन तिच्या कानाशी धरला. "रेवण्या, ये," एवढंच बोलली आणि डोळे मिटले.

तो मोटारसायकलवर आला, दुकानातल्याच कपड्यांत, बाह्यांना पीठ लागलेलं. थेंब काढून तपासला आणि रक्तपेढीतला माणूस चक्क ओरडला, "जुळलं!" रेवणसिद्धनं माझा दंड घट्ट धरला. "अण्णा, जुळलं म्हणतंय." त्याला खाटेवर निजवलं, सुई टोचली, हातात रबरी चेंडू दिला आणि तो दाबत राहायला सांगितलं. मी उशाशी बसलो.

पिशवी अर्धी भरत आली होती. जिन्यावरून दामिनीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, तरी कळलं. शिवकांताला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला होता आणि तो थांबला नव्हता.

परिचारिका आत आली, खाटेपाशी घुटमळली. "काढू का सुई?" तिनं हळूच विचारलं.

"भरू द्या," रेवणसिद्ध छताकडं बघत म्हणाला. "वर नेऊन द्या अक्काला."

"दादा, त्या गेल्या हो."

"भरू द्या म्हटलं न्हवं!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रेवणसिद्ध सांगितल्याप्रमाणं चेंडू दाबत राहिला, सोडत राहिला, पुन्हा दाबत राहिला.