कादंबरीचा केसपेपर

अंबादासमामांनी कादंबरी लिहिली आणि तिची वाट लावली ती मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको.

मुलुंडच्या एका टॉवरमध्ये, पहिल्या मजल्यावर, आमचं मनोविकारांचं क्लिनिक आहे. मी रिसेप्शनला, मामा शिपाई. पेशंटना पाणी देणं, टिश्यूचे डबे भरणं, रडून बाहेर आलेल्या माणसाला रिक्षात बसवून देणं, ही त्यांची अकरा वर्षांची नोकरी. राहायला भांडुपला, टेकडीवरच्या एका खोलीत. गेल्या वर्षी त्यांची बायको शेवंती वारली आणि चौथ्या दिवशी मामा कामावर हजर झाले. "काय स्ट्राँग माणूस आहे!" असं सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांत मनाचे तीन डॉक्टर होते.

त्यानंतरच मामा लिहायला लागले. बाद झालेल्या छापील फॉर्मची कोरी बाजू, जेवणाची सुट्टी आणि जिन्याखालचं स्टूल, एवढ्या भांडवलावर.

"काय लिहिताय मामा?"

"कादंबरी गं. पुढच्या काळातली, सायन्सची."

मी हसले. ज्या माणसाला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही, तो सायन्स लिहिणार! पण गोष्ट ऐकली आणि माझं हसू गेलं. साल दोन हजार एक्क्याण्णव. शंभर मजली टॉवर. वर राहणाऱ्यांचं दुःख पाइपानं खाली येतं आणि तळमजल्यावरच्यांच्या डोक्यात साठवलं जातं. त्या बदल्यात खालच्यांना पाणी मिळतं. वरचे सगळे टवटवीत. खाली सीताराम नावाचा माणूस, त्याच्या डोक्यात वरच्या कुणा मुलीचा प्रेमभंग भरलेला. अशात सीतारामची आई जाते, आणि त्याला रडताच येत नाही. डोक्यात जागाच उरलेली नसते.

"मालाडच्या एका दिवाळी अंकाची स्पर्धा आहे," मामा म्हणाले. "पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायची. एवढी एकच प्रत आहे बघ."

आमच्याकडे नव्या पेशंटला कोरे कागद देऊन 'मनात येईल ते लिहा' म्हणतात. लिहिलेलं फाइलला लागतं. त्या शनिवारी काउंटरवर एक जाडजूड गठ्ठा दिसला. एका बाजूला आमचाच फॉर्म, दुसऱ्या बाजूला गिचमिड मजकूर. गर्दी होती, फोन वाजत होता. मी भोकं पाडली, नंबर टाकला, नावाच्या जागी 'नमूद नाही' लिहिलं आणि फाइल आमच्या डॉक्टर तेजल मॅडमच्या टेबलावर ठेवली. अक्षर कसं ओळखलं नाही म्हणाल, तर अकरा वर्षांत मामांची मस्टरवरची सही सोडून मी त्यांचं अक्षर पाहिलंच नव्हतं.

मॅडमनी रविवारभर बसून सगळं वाचलं. मराठी लेखकाला असा वाचक मिळायला नशीब लागतं. समासात लाल पेननं शेरे: 'पाइपबद्दल ठाम भ्रम.' 'वरच्या मजल्यावरच्यांविषयी तीव्र संशय.' आणि शेवटच्या पानावर, 'ताबडतोब बोलवा.'

सोमवारी मामा पांढरेफटक. "सपना, माझे कागद? शनिवारी काउंटरवर राहिले होते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धावत व्यवस्थापक विद्याधर सरांकडे गेले. ते म्हणाले, "फाइलमधला कागद फक्त पेशंटला मिळतो. तोही तपासणी झाल्यावर, सही घेऊन."

"पण सर, ती कादंबरी आहे."

"मग फाइल का झाली?"

याचं उत्तर त्यांच्या समोरच उभं होतं. नियम म्हणजे नियम. शेवटी मीच मामांना म्हटलं, "करून टाका ना सही. एका सहीनं काय होतंय?" मामांनी पेशंटच्या रकान्यात सही केली.

फाइल घेऊन मी आत उभी होते. मॅडम म्हणाल्या, "बसा." मामा खुर्चीच्या कडेला टेकले.

"सीतारामला आई गेल्यावर रडू का आलं नाही?"

"डोकं वरच्यांच्या दुःखानं भरलेलं होतं, मॅडम."

"आणि तुम्हाला?"

मामा एकदम, लहान मुलासारखे, मोठ्यानं रडले. वर्षभरानं. माझ्याही डोळ्यांना धार लागली. मॅडमनी काम चोख केलं, हे कबूल करायला हवं. गोळ्या लिहून दिल्या, तीन आठवडे विश्रांती सांगितली आणि फाइल त्यांच्या हातात दिली. जाताना मामा म्हणाले, "हलकं वाटतंय गं." मला स्वतःचाच अभिमान वाटला, इतकी मी मूर्ख.

गुरुवारी विद्याधर सरांनी मला एक पत्र टाइप करायला सांगितलं. मानसिक उपचार चालू असलेल्या व्यक्तीला पेशंटच्या संपर्कात ठेवता येत नाही, म्हणून श्री. अंबादास यांना, त्यांच्याच प्रकृतीच्या हितासाठी, सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. मी टाइप केलं. मलाही घर आहे.

विश्रांतीवरच्या मामांना फोन करून बोलावून घेतलं होतं. त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं. मी "मामा, माझ्यामुळे..." म्हणून रडायला लागले, तर त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

"उद्या पाठवताय ना कादंबरी?" मी कसंबसं विचारलं.

"नाही गं. कच्ची आहे अजून." पत्राची घडी खिशात घालत ते म्हणाले, "माझ्या गोष्टीतले वरचे लोक कितीही हलकट असले, तरी खालच्याला कामावरून काढत नाहीत. त्याच्या डोक्याची गरज असते ना त्यांना. एवढं वाईट मला सुचलंच नव्हतं बघ."