फळ्यावरची भरती

आमच्या नगरपालिकेनं स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि 'पनवेलची थोर माणसं' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा हेडक्लार्क होतो. जुनी दप्तरं माझ्या ताब्यात, अक्षर बरं, आणि नाही म्हणायची हिंमत जन्मात कधी नव्हती. कुणाकुणाविषयी लिहायचं ते कमिटीनं सांगितलं होतं. गाड्यांची चाकं घाटावर पाठवून नाव काढलेले एक व्यापारी होते, गरिबांना फुकट औषध देणारे डॉक्टर होते, इंग्रजी शिकवणारे आणि पुढे सहकुटुंब इस्रायलला गेलेले एक मास्तर होते. सगळ्यांत वर अर्थातच रावसाहेब. इंग्रजांच्या अमदानीत ते वर्षानुवर्षं आमचे अध्यक्ष होते.

बाकीच्यांवर मी झरझर लिहिलं. रावसाहेबांचं पान आलं की माझा हात थांबे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तो वीस वर्षं लागला होता आणि त्याच्या डोक्यावर रावसाहेबांची पगडी होती.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला पनवेलला आलो तेव्हा, आणि तोही धड समुद्र नाही, खाडी. बंदरावर मुंबईचे मचवे लागत. भात, गवत, कोंबड्या आणि माणसं घेऊन शिडावर जात. पण खाडी गाळानं भरत आलेली. भरतीचं पाणी चढलं तेवढा वेळच मचवा तरंगायचा. ती वेळ चुकली की चिखलात बसायचा, तो पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे बारा तास.

मचवा हाकणारे तांडेल पाणी बघून तो सोडत. त्यांचं ते बरोबरच असे, पण कोट-टोपीतल्या उतारूंना कधी यायचं ते कळत नसे. म्हणून रावसाहेबांनी एक सुधारणा केली. बंदरावर काळा फळा लावला. त्यावर दुसऱ्या दिवसाच्या भरतीची वेळ नगरपालिकेच्या कारकुनानं खडूनं लिहायची आणि मचवे त्याच वेळेला सोडायचे, आधी नाही, नंतर नाही. या फळ्याचा त्यांना भारी अभिमान. कलेक्टर आले तेव्हा पहिल्यांदा त्यांना फळा दाखवला होता.

तो कारकून मी. हिशेब सोपा होता. पंचांगात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा वाजता भरती, नवमीला पावणेसातला. हे मला बंदरावरच्या कोळ्यांनीच शिकवलं. पण लढाईत सरकारनं सगळी घड्याळं एक तास पुढे करायला लावली होती. लोक त्याला 'नवा टाइम' म्हणत. त्यामुळे आलेल्या वेळेत एक तास मिळवायचा आणि मग फळ्यावर लिहायचं. मी आठवड्याच्या वेळा आधीच वहीत काढून ठेवी, नव्या टाइमाप्रमाणे, आणि रोज संध्याकाळी जाऊन फळ्यावर उतरवी.

त्या आठवड्यात माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. बायकोला आठवा महिना होता. पाय सुजून खांबासारखे झाले होते, डोकं सतत दुखे, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणे. अष्टमीच्या संध्याकाळी मी घाईघाईनं बंदरावर गेलो. वहीत उद्याची वेळ होती पावणेआठ. मला वाटलं, ही जुनी. मी एक तास मिळवला आणि फळ्यावर लिहिलं, सकाळी पावणेनऊ. लिहून उलट पावली घरी आलो. ही चूक कुठल्या कोळ्यानं केली नसती, कारण तो घड्याळ बघतच नाही. ती करायला पंचांग, सरकारी घड्याळ आणि माझ्यासारखा घाबरलेला घाटी, तिन्ही लागली.

पहाटे बायकोला झटका आला. दातखीळ बसली, डोळे वर गेले. आई तिच्या तोंडावर पाणी मारत होती आणि मी दारात नुसता उभा. डॉक्टर आले. त्यांनी मला अंगणात नेलं आणि सांगितलं, ''दुसरा झटका आला तर माझ्या हातात काही नाही. दुपारपर्यंत मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोचवा.''

पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणारी एकुलती एक मोटार दोन दिवस नादुरुस्त पडली होती. उरला मचवा. बैलगाडीत गवत पसरून आम्ही तिला बंदरावर आणलं तेव्हा नव्या टाइमानं सात वाजून गेले होते.

तांडेल पन्नाशीचा, काळाकभिन्न, कमी बोलणारा. त्यानं खलाशांना हाका मारल्या आणि तिला उचलून शिडाच्या सावलीत निजवलं. आई उशाशी बसली. मी काठावर येरझाऱ्या घालू लागलो. मचव्याच्या दोराशी रावसाहेबांचा पट्टेवाला त्यांची पेटी घेऊन उभा होता. त्या दिवशी मुंबईला गव्हर्नरसाहेबांचा चहा होता आणि रावसाहेबांना आमंत्रण होतं. फळ्याप्रमाणे ते साडेआठला येणार होते.

तांडेल पाण्याकडे बघत होता. बराच वेळ बघून तो माझ्याजवळ आला.

''भाऊसाएब, फळ्याव पावनेनऊ लिवलंय. पानी तं आत्ताच भरून उभं राह्यलंय. नवमीचं भांगाचं पानी, चडतंयच कमी, जरा उतारलं का तळ लागतंय. घडीभरात मचवा बसंल. चूक तं नाय ना झाली?''

मी खिशातून वही काढली. नवमी, पावणेआठ, आणि वर मीच लिहिलेलं 'नवा टाइम'. पट्टेवाला चार हातांवर उभा, कान टवकारून. त्याच्यासमोर 'चुकलो' म्हणालो तर दुपारपर्यंत ते रावसाहेबांच्या कानावर. नोकरी नवी, अजून कायम झालेली नव्हती. त्यात रावसाहेबांच्या लाडक्या फळ्याचा प्रश्न. आणि दहा पावलांवर माझी बायको कण्हत होती.

कुणालाही वाटेल, यात विचार करण्यासारखं काय आहे? मलाही आज तसंच वाटतं. पण त्या वेळी मी वही मिटली आणि खिशात घातली.

तांडेलानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खिशाकडे पाहिलं.

''बसा,'' तो म्हणाला.

पट्टेवाल्यानं दोर धरला. ''रावसाहेब आल्याबिगर मचवा सुटायचा नाय! फळा काय म्हनतो बघ!''

''फळा बोलंल त्या टायमाला आथं चिखल आसंल,'' तांडेल म्हणाला. ''रावसाएबांना सांग, बाईचा जीव अडलाय. मी येऊन पाया पडंन.'' त्यानं दोर त्याच्या हातातून सोडवून घेतला. मी उडी मारून आत चढलो.

ती वाट मी विसरणार नाही. वारा नव्हता. खलाशी लांब काठ्या टेकून मचवा रेटत होते. एका वळणावर बुडाशी खरखर झाली आणि मचवा थांबला. तांडेल आणि दोन खलाशी छातीभर चिखलपाण्यात उतरले आणि खांदा लावून ओरडत ढकलू लागले. मी बायकोचा हात धरून बसलो होतो. तिच्या बोटांना बारीक कंप सुटला की मला वाटे, आला झटका. मनात एकच चाललं होतं, अजून अर्धा तास थांबलो असतो तर आत्ता बंदरातच रुतलो असतो, आणि थांबलो असतो तर माझ्यामुळे. मचवा हलला. पुढे खोल पाणी लागलं, शिडात वारा भरला. तांडेल निथळत वर आला, आईला म्हणाला, ''आजी, आता भ्यायचं नाय. लेकीला मुंबयला पोचवली समजा.''

दुपारच्या आत पोचलो. दुसरा झटका दवाखान्यात आला, पण तिथे डॉक्टर होते, औषध होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. दोघी वाचल्या. आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं तिथली नर्स म्हणाली.

आठवड्यानं पनवेलला आलो तर ऑफिसात चौकशी मांडलेली. रावसाहेब पगडी-उपरणं घालून बंदरावर आले होते, फळा पाहिला होता, घड्याळ पाहिलं होतं, आणि मचवा नव्हता. गव्हर्नरांचा चहा हुकला. त्या वेळी पाणी किती उतरलं होतं हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. बंदरावरच्या कोळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना विचारतो कोण?

रावसाहेब दुष्ट नव्हते. त्यांनी आधी बायकोची चौकशी केली, बाळाला आशीर्वाद दिला. मग विचारलं, ''फळ्यावर वेळ काय होती?''

''पावणेनऊ.''

''मचवा कधी सुटला?''

''पावणेआठला.''

दोन्ही उत्तरं खरी होती. मला तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. भरती खरी किती वाजता होती, हा.

''तासाभरानं सुटला असता तरी तुमची पत्नी पोचलीच असती,'' रावसाहेब म्हणाले. ''दया ठीक आहे. पण प्रत्येक तांडेल आपल्या मर्जीनं निघाला तर फळा हवा कशाला?''

तांडेल दाराशी उभा होता. त्याला काय सांगायचंय असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, ''पानी गेलं आसतं, साएब.'' एवढंच. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. वहीचं बोलेल, खिशाचं बोलेल. तो बोलला नाही. त्याचा मचव्याचा परवाना रद्द झाला.

पुढे तो दुसऱ्यांच्या मिठागरावर मीठ वाहू लागला. बाजारात दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जाई, तरी गाठ पडायचीच. खांद्यावर टोपली, टाचांना मिठानं भेगा पडलेल्या. दर वेळी एकच विचारायचा, ''पोरगी कशी हाय, भाऊसाएब?'' मी म्हणे, ''बरी आहे,'' आणि पाय उचले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. लढाई संपली, घड्याळं एक तास मागे आली. सरकारं बदलली, रावसाहेब गेले, त्यांच्या नावाचा रस्ता झाला. मी कायम झालो, हेडक्लार्क झालो. एका वर्षी बाजारात तांडेल दिसेनासा झाला. चौकशी करायचं धाडस मला झालं नाही. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

आणि आता हे स्मरणिकेचं पान. कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी बजावलं होतं, ती मचव्याची गोष्ट घालाच. रावसाहेब वेळेचे किती पक्के, नियमापुढे गव्हर्नरांचा चहा गेल्याचंही दुःख त्यांनी केलं नाही, पण नियम मोडणाऱ्याला माफ केलं नाही. गावात ती गोष्ट अशीच सांगत. मी लिहिली, अशीच लिहिली. तीन वेळा खोडली आणि तीन वेळा तशीच लिहिली.

छापखान्यासाठी सुवाच्य प्रत माझी मुलगी करत होती. तीच, ओंजळीएवढी. आता शाळेत शिकवायला लागली होती. रविवारची सकाळ होती, खिडकीशी बसून ती लिहीत होती आणि मी वर्तमानपत्रामागे तोंड लपवून तिच्या टाकाचा आवाज ऐकत होतो. रावसाहेबांच्या पानावर तो आवाज थांबला. आपण मचव्यातून मुंबईला गेलो होतो एवढं तिला आजीकडून माहीत होतं, कुठल्या मचव्यातून ते नव्हतं.

''बाबा,'' ती म्हणाली, ''या पानावर सगळ्यांची नावं आहेत. कलेक्टरचं आहे, गव्हर्नरचं आहे. या तांडेलाचं नाही. काय नाव होतं त्याचं?''

सांगायची वेळ हीच होती. पट्टेवाला नव्हता, रावसाहेब नव्हते, नोकरी जाणार नव्हती. समोर फक्त ती होती आणि उत्तराची वाट पाहत होती. मी वर्तमानपत्राची घडी घातली.

''आठवत नाही,'' मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि ती पुढे लिहू लागली.

परवाना रद्द केल्याचा तो हुकूम शेजारच्याच दप्तरात होता. मीच लिहिलेला, माझ्याच अक्षरात. पहिल्याच ओळीत त्याचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट.